आनातिल्दे सेली हो म्हणते

आनातिल्दे सेली कुणालाही नाही म्हणत नसे. घरच्यांना हे फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यापासून ते तिच्या होकाराला घाबरू लागले.

सोकोता गावाच्या वरच्या डोंगरात माणसं अशीच बोलतात. समोरचा काही सांगू लागला की मान तुकवायची आणि म्हणायचं, "होय, तुम्ही म्हणाल तसं." त्याचा अर्थ इतकाच, की तुमचं बोलणं कानावर आलं. पुढे काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. वर डोंगरात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कुणी फसत नाही. घोटाळा होतो तो खाली, शहरात.

एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी तिचं लग्न हेरिको गावच्या एका दुकानदाराशी ठरवलं. "होय बाबा, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. शनिवारी सकाळी तिनं मेंढ्या सोडल्या. त्या चरत असताना ती पलीकडच्या गावच्या चर्चमध्ये गेली, एलिसेओ नावाच्या खेचरं हाकणाऱ्या तरुणाशी लग्न केलं, आणि संध्याकाळी मेंढ्या वाडग्यात घातल्या. एकही कमी नव्हती. वडील वर्षभर बोलले नाहीत. ती रोज त्यांना गुळाचं गरम पाणी नेऊन देत राहिली. त्यांनीही ते रोज प्यायलं.

पुढची पन्नासवर वर्षं ती मेंढ्यांमागे चालली. डोक्याला काळी फेल्टची हॅट, अंगावर जाड लोकरीची, घोंगडीसारखी रुआना, आणि हातात चाती. चालता चालता सूत कातलं जायचं. बोलताना ती सगळ्यांना अहो-जाहो करी. नवऱ्याला, पाद्र्याला, पोटच्या पोराला आणि मेंढ्यांनाही. "बाईसाहेब, तुम्ही त्या कड्यावर जाऊ नका," असं ती मेंढीला म्हणे. मेंढी जायची. मग ती दगड मारी, तोही अदबीनं, शेजारी पडेल असा.

एलिसेओ गेला, गुडघे गेले, आणि विल्मर तिला खाली सोआचा शहरात घेऊन आला. विल्मर तिचा एकुलता एक मुलगा. बस चालवतो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात तो, बायको युरानी, मुलगी सालोमे, आणि आता आनातिल्दे. तिसऱ्या महिन्यात गच्चीवर दोन कोंबड्या दिसल्या. इमारतीचा व्यवस्थापक वर आला. "बाई, कोंबड्या चालणार नाहीत." "होय साहेब, तुम्ही म्हणाल तसं." तो समाधानानं खाली गेला. महिन्यानं आला तेव्हा कोंबड्या तीन होत्या. त्यानं विल्मरला गाठून विचारलं, तुमच्या आईला ऐकू कमी येतं का. विल्मर म्हणाला, "नाही. तिला सगळं ऐकू येतं, अडचण तीच आहे."

घरात तेव्हापासून एक नियम ठरून गेला. आई एकदा हो म्हणाली तर काळजी नको. दोनदा म्हणाली तर लक्ष ठेवायचं. तिसऱ्यांदा म्हणाली तर तिच्या आणि दाराच्या मधे उभं राहायचं.

तर त्या रविवारी सालोमेला सात वर्षं पूर्ण झाली होती.

फुटबॉलच्या मैदानामागच्या मोकळ्या जागेत 'आनंदी शेत' आलं होतं. दोन ट्रक, एक तंबू, पत्र्याची कुंपणं, आणि आत प्राणी. आठवडाभर सालोमे शाळेतून येताना तिथला फलक वाचत होती. या, हात लावा, बाटलीनं दूध पाजा. तिला वाढदिवसाला केक नको होता, बाहुली नको होती. कोकराला दूध पाजायचं होतं. ती रोज रात्री झोपण्यापूर्वी हे सांगायची, म्हणजे कुणी विसरू नये.

तिकीट घ्यायला विल्मर रांगेत उभा राहिला, तेव्हा आनातिल्देनं फलकावरचे दर वाचायला लावले. युरानीनं वाचून दाखवले.

"मेंढीला हात लावायचे पैसे?"

"हो, आई."

"पैसे मेंढी देते की मेंढीला देतात?"

"आई," विल्मर रांगेतून म्हणाला, "हात जोडतो. पोरीचा वाढदिवस आहे. आज कुणाला काही बोलू नका."

"होय बाळ, तुम्ही म्हणाल तसं."

विल्मरनं वळून तिच्याकडे पाहिलं. "कितीदा म्हणालात?"

"एकदाच."

"मग ठीक आहे."

आत गर्दी होती. सोआचात राहणाऱ्या निम्म्या लोकांचे आईबाप गुरं राखत होते, आणि आता तेच लोक पोरांना खांद्यावर घेऊन बदक दाखवत होते. उंटासारख्या मानेच्या एका लोकरी लामाच्या डोक्यावर टोपी बांधली होती. एक म्हातारं तट्टू गोल गोल फिरत होतं, आणि त्याच्यावर बसलेलं मूल भोकाड पसरून रडत होतं. प्लास्टिकच्या मोठ्या टबात दहाबारा कुई, म्हणजे गिनीपिग, होते, केसाळ, थरथरणारे. आनातिल्देनं त्यातला एक मानेमागून उचलला, दुसऱ्या हातानं त्याची मांडी चाचपली आणि परत ठेवला.

"यांना अजून दोन आठवडे लागतील," ती शेजारच्या बाईला म्हणाली.

"कशाला?" बाईनं विचारलं. तिच्या कडेवर मूल होतं आणि मुलाच्या हातात कुईसाठी गाजर.

"भरायला, बाई. आत्ता नुसती हाडं."

"आजी!" सालोमे ओरडली. "ते खायचे नाहीयेत! त्यांना नावं आहेत!"

"नावं तर सगळ्यांनाच असतात," आनातिल्दे म्हणाली. पण ती पुढे सरकली. पोरीचा दिवस होता.

कोकराचं वाडगं तंबूच्या मधोमध होतं. सगळ्यात लांब रांग तिथेच. कुंपणाच्या दाराशी एक बाई टेबलामागे बसून बाटल्या भरत होती. तिचं नाव नोरा. तिच्या शेजारी ध्वनिक्षेपक तोंडाला लावून उभा असलेला माणूस तिचा नवरा, फाब्रिसियो, या सगळ्याचा मालक. चौकड्यांचा शर्ट, आणि उन्हाचा डाग नसलेली गवताची हॅट.

"या, या, या! मोतिता भुकेली आहे! मोतिताला आई नाही! मोतिताची आई व्हा, एका बाटलीत!"

मोतिता म्हणजे कोकरू. तीनेक आठवड्यांची मादी, पांढरी, गळ्यात लाल फीत. एक मूल आत जाई, बाटली तिच्या तोंडात देई, बाप फोटो काढी. मग पुढचं मूल. सालोमेच्या हातात बाटली होती आणि तिच्यापुढे दोनच मुलं उरली होती. ती टाचा उंचावून उभी होती.

आनातिल्देनं कोकराकडे पाहिलं. मग हॅट मागे सारून पुन्हा पाहिलं.

मोतिता चारी पाय फाकवून उभी होती. मान खाली. बाटलीचं रबरी बोंड तोंडात होतं, पण ती ओढत नव्हती. दूध ओठांवरून गळत होतं. डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. मधेच तिनं एक मागचा पाय उचलून स्वतःच्याच पोटावर मारला. पाहणारी मुलं हसली.

"साहेब," आनातिल्दे कुंपणावरून म्हणाली, "या बाईसाहेब किती वाजल्यापासून पितायत?"

"नऊपासून, माउली! भूक बघा किती आहे!"

"आता दोन वाजलेत."

"तेच म्हणतोय. खादाड आहे आमची मोतिता."

"यांचं पोट फुगलंय. आता एक बाटलीही नको."

फाब्रिसियोनं ध्वनिक्षेपक थोडा बाजूला केला. "आजीबाई, ती गुटगुटीत आहे. जेवणानंतर सुस्ती येतेच की. तुम्हाला येत नाही? कुंपणाला टेकू नका, पत्रा लागेल."

"होय साहेब, तुम्ही म्हणाल तसं."

विल्मर लामापाशी होता. त्याला ऐकू गेलं नाही.

पुढचं मूल आत गेलं. चार वर्षांचा मुलगा, त्यानं बाटली कोकराच्या नाकात घातली. मोतिता गुडघ्यांवर बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. आनातिल्देनं असं बसणं आयुष्यात पुष्कळदा पाहिलं होतं. बसणं, उठणं, बसणं, आणि मग आडवं होणं. आडवं झालेलं उठत नाही. एका वर्षी क्लोव्हरचं ओलं गवत खाऊन तिच्या नऊ मेंढ्या एका सकाळी पोट फुगून मेल्या होत्या. ती उशिरा पोचली होती. फार नाही, एखादा तास. तो तास तिला अजून आठवायचा, पण ती कुणाला सांगत नसे.

"साहेब, ऐका. अर्ध्या तासात मरतील त्या."

"आजीबाई, मुलं आहेत इथे. असं बोलू नका. मागे व्हा."

"होय साहेब."

विल्मरनं ऐकलेलं हे दुसरं. आता त्याचे कान टवकारले. तो गर्दीतून वाट काढू लागला.

"सालोमे!" नोरानं तिकिटावरचं नाव वाचलं. "ये राणी, तुझा नंबर."

सालोमे पुढे झाली. बाटली तिनं दोन्ही हातांनी धरली होती, चर्चमध्ये मेणबत्ती धरतात तशी. आणि आनातिल्देनं तिच्या हातातून ती काढून घेतली.

तिनं बोंड उपटलं. दूध गवतावर ओतलं. सगळं. मग रुआना खांद्यावर टाकली, पत्र्याच्या कुंपणावरून एक पाय घातला, गुडघा कुरकुरला, दुसरा पाय घातला, आणि आत उतरली.

मग सालोमे किंचाळली. तिचं रडणं ध्वनिक्षेपकात शिरलं आणि साऱ्या मैदानावर पसरलं.

"माझी बाटली! ती माझी होती! आजी, तू वाईट आहेस! तू माझी आजीच नाहीस!"

आनातिल्देच्या हाताला ते लागलं. हात थबकला. मग त्यानं कोकराची डावी कूस टिचकीनं वाजवून पाहिली. ढोलासारखी वाजली.

"ए म्हातारे, बाहेर ये!" रांगेतला एक बाप ओरडला. "तासभर उभे आहोत आम्ही!"

"आमचे पैसे परत द्या मग!"

"हिला कुणी घरी नेईल का? कुणाची आहे ही?"

"माझी," विल्मर कुंपणाशी पोचून म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आई, सोडा ते. बाहेर या. त्यांचं कोकरू आहे, त्यांचं ते बघतील."

"होय बाळ, तुम्ही म्हणाल तसं."

"आई, नको," विल्मर म्हणाला. "तिसऱ्यांदा नको."

पण ती म्हणाली होती. तिनं मोतिताला पुढच्या पायांखाली हात घालून उभं केलं, माणसासारखं, पाठ आपल्या पोटाला टेकवून. दुसऱ्या हाताच्या मुठीनं ती तिची कूस खालून वर चोळू लागली. हळू. कणीक मळावी तशी.

"खायचा सोडा," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "कोमट पाणी. आणि दोन चमचे तेल. तळलेलं नको, कोरं."

कुणी हललं नाही.

"युरानी, तुम्हाला सांगतेय मी."

युरानी इबागेची. शहरात वाढलेली. गच्चीवरच्या कोंबड्यांवरून तिचं आणि सासूचं चार महिने वाजलं होतं. तिनं रडणाऱ्या सालोमेला विल्मरच्या हातात दिलं आणि ती फाटकाबाहेर करंजीसारखे एम्पानादा तळणाऱ्या बाईच्या गाडीकडे धावत सुटली. का धावली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. बहुधा कुणीतरी काही करायला सांगावं याची ती वाट बघत होती.

फाब्रिसियो आता वाडग्यात आला होता. ध्वनिक्षेपक अजून चालूच होता, त्यामुळे भांडण सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"आजीबाई, हे खाजगी जनावर आहे. सोडा त्याला. नाहीतर पोलीस बोलावतो."

"बोलवा ना. त्यांनाही दाखवू."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही आहात का?"

रांगेत कुणीतरी हसलं. फाब्रिसियोच्या कानापर्यंत रक्त चढलं. तो गर्दीकडे वळला. "मंडळी, सगळे साक्षीदार आहात! हे कोकरू सकाळपासून ठणठणीत होतं. आता याला काही झालं, तर या बाईनं मारलं. मुलांनो, बघून ठेवा कुणी मारलं ते!"

मुलांनी बघितलं. सालोमेनंही बघितलं, बापाच्या खांद्यावरून, ओल्या डोळ्यांनी.

आनातिल्देला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. कोकरू मरू शकत होतं. ती उशिरा आली असू शकत होती, याही वेळी. आणि मेलं तर तिच्या हातात मरणार होतं, नातीच्या सातव्या वाढदिवशी, नातीच्या देखत. आत्ता खाली ठेवून बाहेर पडलं, तर ते या माणसाच्या हातात मेलं असतं. तिनं तसं करून पाहिलं, मनात. मग तिनं कोकराला अजून थोडं वर उचललं.

"बाईसाहेब," ती मोतिताच्या कानात म्हणाली, "तुम्ही आता माझी लाज राखा."

युरानी आली. कपात सोड्याचं पाणी, वर तेल तरंगत होतं. आनातिल्देनं ते सालोमेच्याच रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बोंडाशिवाय, ओठाच्या कोपऱ्यातून घोट घोट सोडलं. घाई केली तर पाणी फुप्फुसात जातं. मग तिनं मागे न बघता हात पुढे केला.

"काडी."

"कसली काडी?"

"लाकडाची. बोटाएवढी जाड. तोंडात आडवी घालायची, म्हणजे चावत राहतात आणि ढेकर येते."

टेबलाशी बसलेली नोरा उठली. दूध ढवळायचा लाकडी डाव तिनं गुडघ्यावर मोडला आणि दांडा आणून दिला. फाब्रिसियो तिच्याकडे बघतच राहिला.

"तू पण?"

"अकरा वाजता सांगितलं होतं मी तुला," नोरा म्हणाली. "अकरा वाजता. तू म्हणालास, आज रविवार आहे."

मोतिताच्या तोंडात दांडा बसला. लाल फितीनंच तो कानांमागे बांधला. ती तो चावू लागली, विचित्र, वाकडं तोंड करून. एरवी मुलं हसली असती. आता कुणी हसलं नाही. रांग मोडली होती आणि सगळे कुंपणाभोवती जमले होते. मघाशी ओरडणारा बाप आपल्या मुलाला वर उचलून दाखवत होता. मागून एक म्हातारा सल्ला देऊ लागला, "उताराकडे तोंड नको, चढाकडे करा," आणि त्याची बायको त्याला म्हणाली, "तुझ्या किती मेल्या होत्या ते सांग आधी."

वीस मिनिटं गेली. कूस तशीच घट्ट. आनातिल्देचे दंड थरथरू लागले. सत्तरी ओलांडली होती तिनं, आणि कोकरू दिसतं तेवढं हलकं नसतं. गुडघा वाकला. ती पडणार तेवढ्यात मागून कुणीतरी कोकराचे पुढचे पाय धरले.

विल्मर कुंपण ओलांडून आला होता. बस चालवणारे त्याचे जाड हात बरोबर जागी गेले, काखेखाली, अंगठे बाहेर. वीस वर्षांत त्यानं कोकराला हात लावला नव्हता. हातांना कुणी विचारलं नाही.

"तुम्ही चोळा," तो म्हणाला. "मी धरतो."

"घट्ट नको."

"माहीत आहे, आई."

ती दोन्ही मुठींनी चोळू लागली. खालून वर. खालून वर. आणि मग मोतिताच्या मानेतून काहीतरी वर सरकताना दिसलं, आणि तिनं ढेकर दिली. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पाठोपाठ आंबलेल्या दुधाचा असा भपकारा आला की पहिली ओळ मागे हटली. दुसरी ढेकर. तिसरी. मुलं आनंदानं नाकं दाबून ओरडू लागली. म्हातारा म्हणाला, "चढाकडे केलं म्हणून."

मोतिताला जमिनीवर ठेवलं. ती डगमगली, चार पावलं चालली, आणि फाब्रिसियोच्या बुटावर मुतली.

टाळ्या पडल्या. फाब्रिसियो धंद्यातला माणूस. टाळ्या कुणासाठी आहेत हे कळलं तरी त्या वाया जाऊ द्यायच्या नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ध्वनिक्षेपक तोंडाला लावला. "मंडळी, आनंदी शेताची मोतिता सुखरूप आहे! आपल्या या अनुभवी आजींचे आभार! पंधरा मिनिटांची विश्रांती, आणि मग..."

"मग काय?" आनातिल्दे म्हणाली.

त्यानं ध्वनिक्षेपक बंद केला. "मग काही नाही. तुम्ही म्हणता तसं. आज बाटल्या बंद. या आता बाहेर, दमलात."

"आज एकही नाही?"

"एकही नाही. होय, आजीबाई. होय."

आनातिल्देनं त्याच्याकडे पाहिलं. हा होकार तिला चांगला ओळखीचा होता. असला होकार तिनं बापाला दिला होता, व्यवस्थापकाला दिला होता. तो किती वजनाचा असतो हे तिच्याइतकं त्या मैदानात कुणाला माहीत नव्हतं.

ती बाहेर आली नाही. कोपऱ्यातली बादली तिनं पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"बोंडं द्या," ती म्हणाली.

"काय?"

"बाटल्यांची रबरी बोंडं. सगळी. त्यांच्याशिवाय बाटली म्हणजे नुसती बाटली. द्या माझ्याकडे."

"आता हे फार झालं हां. हे माझं सामान आहे. विल्मर, का कोण तुम्ही, सांगा आईला."

विल्मर आपल्या हातांकडे बघत होता. "मी तिला काही सांगत नाही, साहेब," तो म्हणाला. "मी सांगितलं की ती हो म्हणते."

टेबलाकडून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला. नोरा एकेक बोंड उपटून भांड्यात टाकत होती. चौदा झाली. तिनं भांडं आणून आनातिल्देच्या मांडीवर ठेवलं. नवऱ्याकडे बघितलंही नाही.

"हिच्याआधी एक होतं," ती हलकेच म्हणाली. "एप्रिलमध्ये. त्याचंही नाव मोतिताच ठेवलं होतं."

आनातिल्देनं मान डोलावली. बोंडं रुमालात बांधून स्कर्टच्या खिशात घातली.

त्यानंतर रांग पुन्हा लागली. पण आता आत आनातिल्दे बसली होती. मूल आलं की ती म्हणे, "एक हात. पाठीवर. डोक्यावर नाही, त्यांना आवडत नाही." मूल हात लावी. "झालं. निघा." काही आया कुरकुरल्या, काहींनी तिकिटाचे पैसे परत घेतले. एक जण तर म्हणाली, ही बाई सरकारी आहे का. बरेचजण मात्र राहिले. फाब्रिसियो ट्रकच्या पायरीवर बसून हॅटनं वारा घेत होता. ध्वनिक्षेपक त्याच्या मांडीवर होता, मुका.

सालोमे आली नाही. युरानीनं तिला भाजलेलं कणीस दिलं, तिनं खाल्लं नाही. तट्टूवर बसवू म्हटलं, नको म्हणाली. ती दूरवर, लामाच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. आनातिल्दे प्रत्येक मुलाच्या डोक्यावरून तिकडे बघे. पोरगी तिची नजर टाळी. सात वर्षांची असली तरी सेलींच्या घरातली होती. राग धरायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पाच वाजायला आले. रांग सरली. शेवटच्या मुलामागे कुणी उभं नव्हतं, असं वाटलं, पण होतं. सालोमे. बाकीच्या मुलांसारखीच, अंतर ठेवून, आपला नंबर येईपर्यंत थांबलेली. अनोळखी असल्यासारखी.

"पुढचे," आनातिल्दे म्हणाली.

सालोमे आत आली. हात पाठीमागे. "मी अजून रागावलेय."

"राहा की. राग ठेवा. हात द्या."

सालोमेनं तळवा फ्रॉकला पुसला. मग हात दिला. आनातिल्देनं तो मोतिताच्या पाठीवर ठेवला नाही. डाव्या कुशीवर ठेवला, बरगड्या संपतात तिथे, आणि तिचीच बोटं वरून दाबली.

"मऊ लागलं पाहिजे. पावासारखं. सांगा, कसं लागतंय."

सालोमेनं दाबलं. डोळे मिटले, पुन्हा दाबलं. मग हात वर सरकवला, थोडा मागे, तिला कुणी दाखवलं नव्हतं तिथे.

"इथे नाही," ती म्हणाली. "इथे अजून घट्ट आहे."

"कुठे?"

"इथे. तू हात लावून बघ ना."

आनातिल्देनं हात लावला. पोरगी बरोबर होती. खालची फुगी उतरली होती, पण वर, कमरेच्या हाडापाशी, मुठीएवढा वारा पुन्हा साठत होता. तिच्या स्वतःच्या बोटांना ते कळायला हवं होतं. पण चोळून चोळून ती बधिर झाली होती.

"विल्मर," तिनं हाक मारली. "या. धरायचंय. युरानी, सोडा उरलाय का?"

"अर्धा कप."

"पुरे. सालोमे, तुम्ही तिथेच हात ठेवा. हलवू नका. मऊ झालं की सांगायचं, आधी नाही."

मैदान रिकामं होत होतं. एम्पानादावालीनं गाडीवर कापड टाकलं. फाब्रिसियो किल्ल्यांचा जुडगा घेऊन फाटकापाशी गेला. एक पल्ला त्यानं ओढून घेतला आणि दुसऱ्याला हात घालून तिथून ओरडला.

"आजीबाई! पाच वाजले! आम्ही बंद करतोय!"

आनातिल्देनं मोतिताला उचलून पुन्हा उभं केलं. नातीचा हात कुशीवरच होता.

"करा बंद," ती म्हणाली. "आम्ही आत आहोत."